उजवीकडच्याचा मान

पुण्यात मी बारा वर्षं गाडी चालवली. कर्वे रोड, सिंहगड रोड, संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडणं, सगळं करून झालंय. त्यामुळे जिथे ट्रॅफिक म्हणजे दोन ट्रॅक्टर आणि एक मांजर, अशा फ्रान्समधल्या खेड्यात मी ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेत नापास होईन असं कुणी म्हटलं असतं, तर मी खो-खो हसले असते. झाले ना पण! 40 पैकी 33. पास व्हायला 35 लागतात.

थांबा, जरा मागून सांगते.

2023 च्या मार्चमध्ये नवऱ्याला फिजाकला नोकरी लागली. 'फ्रान्स? सही! शॉपिंगला येतो गं,' असं मैत्रिणी म्हणाल्या. त्यांना सांगणार कोण, की फिजाक नैर्ऋत्य फ्रान्सच्या लोत जिल्ह्यात आहे, तुलूझहूनही रेल्वेनं दोन-अडीच तास लागतात आणि पॅरिस तर दुसऱ्याच टोकाला. गाव छोटं, पण आसपास विमानाचे सुटे भाग बनवणारे बरेच कारखाने. आम्हाला घर मिळालं ते गावापासून 12 किलोमीटरवर. दगडी भिंती, खिडकीतून मेंढ्या, एकही दुकान नाही. आठवड्यातून तीनदा ब्रेडची व्हॅन हॉर्न वाजवत येते. वसईला मावशीकडे पाववाला सायकलचा भोंपू वाजवायचा, अगदी तस्सं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्लिपर न घालताच धावले होते.

मी पुण्याच्याच कंपनीसाठी घरून टेस्टिंग करते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे पहाटे अंधारात 'गुड मॉर्निंग टीम' आणि दुपारी जेवायच्या वेळेला कामाचा जोर संपलेला. नवऱ्याचं उलट. त्याच्याकडे सकाळी प्रत्येकाशी हात मिळवल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नाही, कायद्यानं आठवडा 35 तासांचा, आणि जेवण म्हणजे जेवण. सुरुवातीला हा पठ्ठ्या डबा डेस्कवर खायचा. चौथ्या दिवशी एका सहकाऱ्यानं काळजीनं विचारलं, 'तुझं कुणाशी भांडण झालंय का?'

माझी फजिती शनिवारच्या बाजारात झाली. अक्रोडवाल्याला पाठ केलेल्या फ्रेंचमध्ये विचारलं, केवढ्याला? तो म्हणाला, 'बाँजूर.' मी पुन्हा विचारलं. तो जरा मोठ्यानं, 'बाँजूर!' मला वाटलं कानानं कमी आहे बिचारा. बऱ्याच दिवसांनी कळलं, बाँजूर म्हटल्याशिवाय इथे तुम्ही दुकानात आलेलेच नसता.

तर गाडी. आपल्या लायसन्सवर इथे पहिलं एकच वर्ष चालवता येतं. मग थेट फ्रेंच लायसन्स, लेखी परीक्षेपासून. माझ्यासाठी आम्ही जुनी हॅचबॅक घेतली होती आणि ते वर्ष मजेत गेलं. बाजार, लायब्ररी, शेजारच्या मादामना शुक्रवारी डॉक्टरकडे सोडणं. परीक्षेचं मी 'बघू नंतर' करत राहिले. मार्च 2024 उजाडला आणि गाडी अंगणात उभी राहिली, ती राहिलीच. नवरा साडेसातला दुसरी गाडी घेऊन जाणार, मी आणि मेंढ्या. बस म्हणाल तर शाळेच्या मुलांची. एप्रिलमध्ये ते 33 मार्क आले, आणि त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, 'तू राहा इथे. मी जाते पुण्याला.' तो म्हणाला, 'जा.' दोघंही खरंच म्हणत होतो, हे दोघांनाही कळलं. तीन दिवस घरात फक्त व्हॅनचा हॉर्न ऐकू आला.

चौथ्या दिवशी मादाम दारात. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका. हातात नियमांचं पुस्तक आणि लाल पेन. हसणं वगैरे काही नाही. 'रोज अकरा वाजता,' म्हणाल्या. मी भारावून आभार मानायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. शरद ऋतूत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काहोरला होतं. सत्तरेक किलोमीटर. 'टॅक्सीवाला फार बोलतो,' म्हणाल्या. 'तुमचं फ्रेंच अजून तेवढं झालेलं नाही.'

माझ्या सात चुकांपैकी चार एकाच नियमावर होत्या. उजवीकडचा नियम. पाटी नसेल तर उजव्या बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही रुंद रस्त्यावर असा आणि तो बोळातून ट्रॅक्टरवर येत असो, मान त्याचा. पुण्यात मान ज्याची गाडी मोठी त्याचा, नाहीतर ज्यानं हॉर्न आधी मारला त्याचा. डोक्यातून हे काढायला मादामना पाच आठवडे लागले. चूक झाली की म्हणायच्या, 'पुण्यात नाही, इथे.' फिजाक म्हणजे चित्रलिपी वाचणाऱ्या शाँपोलियोंचं जन्मगाव. तिथल्या एका चौकात रोझेटा शिलेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीवर पसरलेली आहे. मला तेव्हा वाटायचं, तीन लिपींचा तो दगड परवडला, पण हे पुस्तक नको.

दुसऱ्या खेपेला 37. प्रॅक्टिकलच्या शिकवणीत इन्स्ट्रक्टर म्हणाला, तुमचा हात सारखा हॉर्नकडे का जातो? काय सांगणार! सप्टेंबरमध्ये लायसन्स आलं. पुण्याच्या तिकिटाचा विषय त्यानंतर निघाला नाही. मिटला असं मात्र म्हणणार नाही मी. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायचं ठरलं, तेव्हा आमचं पुन्हा वाजलंच.

एक सांगायचं राहिलं. या दीड वर्षात मादाम मला 'व्हू'च म्हणत होत्या, म्हणजे आपलं अहो-जाहो. जवळच्यांना इथे 'त्यू'. नवऱ्याला ऑफिसात दुसऱ्याच दिवशी सगळे त्यू म्हणायला लागले. मला मात्र मादाम रोज सरबत पाजायच्या, चुका लाल करायच्या आणि 'आपण पुन्हा चुकलात' म्हणायच्या. मी मनाला लावून घेतलं होतं थोडं.

ऑक्टोबरमध्ये काहोरला निघालो. मादाम बाजूला, पर्स मांडीवर. एका गावात रस्ता छान मोकळा होता, मी रेडिओ लावायला हात पुढे केला, आणि उजवीकडच्या बोळातून ट्रॅक्टर.

'थांब! अगं थांब!' मादाम किंचाळल्या. त्यू.

मी कच्चकन ब्रेक मारला. ट्रॅक्टरवाला हात उंचावून शांतपणे निघून गेला. मादामनी पर्स सारखी केली, समोर बघितलं आणि म्हणाल्या, 'चला आता. आपल्याला उशीर होतोय, आणि आपण आरसा बघितलेला नाही.'