वयाला शोभेल असं?

आज पाठ्यपुस्तकातला विषय नाही, पण शाळेत रोज आपल्यासोबत येणारा आहे. आपले कपडे. त्यातही पन्नाशीला टेकलेल्या बाईंचे.

"आता वयाला शोभेल असं नेसा," हे तुम्हीही ऐकलं असेल. शोभेल म्हणजे काय, तर फिकट. मोतिया, पिस्ता, राखाडी. दुकानदारसुद्धा आपले पांढरे केस बघून तोच गठ्ठा सोडतो. मला याचं नवल वाटतं, कारण आमच्या तुळजापुरात म्हाताऱ्या बाया असं काही नेसतच नाहीत! मंगळवारी मंदिराकडे जाणारा रस्ता बघा. सत्तरीच्या आज्या गडद हिरव्या, जांभळ्या इरकलमध्ये येतात, पदर लालभडक. आराधिणींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर मळवट. आणि देवीला रोज नवं महावस्त्र, तिला कुणी वय विचारत नाही.

इरकल मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्ही फाशांनी एकमेकांत अडकवून जोडतात. त्याला टोपे-तेणी म्हणतात. सुती अंगाचं इरकल आमच्या उन्हात बरं पडतं, धुऊन धुऊन मऊ होतं.

मग फिकट रंगाचा नियम आला कुठून? माझं मत सांगते, पटेल न पटेल. नवरा गेला की बाईनं रंग सोडावा, या जुन्या रीतीचीच ही सौम्य आवृत्ती आहे. बाबा गेले तेव्हा नातेवाइकांनी आईला भेट म्हणून पाच फिकट साड्या आणल्या. आई काही बोलली नाही. महिन्याभरात तिनं त्या पाचही साड्यांची वाकळ शिवली, आणि माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला किरमिजी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. मागे कुजबुज झाली. तिला ऐकू आली असणारच.

माझी अडचण वेगळी. पाळी जायच्या दिवसांत वर्गातच अंगातून वाफा निघायच्या, घाम फुटायचा. गुडघे दुखायला लागले. पहिलीचा वर्ग म्हणजे दिवसातून पंधरा वेळा खाली बसणं-उठणं, आणि पॉलिस्टरची साडी पायात अडकते. मी सुती पंजाबी ड्रेस घालायला लागले, तर एका पालकांनी विचारलं, "मॅडम, या वयात?" खरं सांगू का, १५ मार्च २०२४ च्या शासनाच्या सूचनांत शिक्षिकांसाठी साडी आहे, तसा सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टाही आहे. जीन्स, टी-शर्ट नको म्हटलंय. वयाचा त्यात उल्लेख नाही. गडद रंग मात्र नको म्हटलंय; आईचं किरमिजी इरकल आठवून मला हसू आलं.

आता माझं ठरलंय. हातमागाचं सुती कापड, कोपरापर्यंत बाही, सैल कुर्ता. रंग मला आवडेल तो, शासनाला चालेल इतपत. शिवायला टाकताना मी खिसा सांगितला तर शिंपीदादा म्हणाले, "बाईच्या ड्रेसला खिसा कशाला?" खडू, किल्ली, रुमाल आणि एखाद्या पोराचा पडलेला दात, म्हटलं. त्यांनी चांगला खोल खिसा लावून दिला. पहिलीच्या मुलींनी त्याच दिवशी त्यात हात घालून बघितला.