टेकडीवरचे चर्च आणि आमची सनावळी

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे ‘पहिले’ आणि ‘सर्वांत जुने’ या दोन शब्दांवर पोट भरले. पहिला शिलालेख आक्षीचा की श्रवणबेळगोळचा, पहिला ग्रंथ कोणता, पहिली कादंबरी कोणती. परीक्षेत गुण त्यालाच असतात. म्हणून रोमानियाच्या उत्तर टोकाला, मारामुरेश भागातील इएउद या खेड्यात जाण्याचा योग आला, तेव्हा आम्हांला तिकडे ओढून नेणारी गोष्ट भक्ती नव्हती. एक सन होता. १३६४.

इएउदच्या टेकडीवरचे ऑर्थोडॉक्स परंपरेतले लाकडी चर्च त्या साली बांधले गेले, असे दीर्घकाळ मानले जात होते. तिथेच १९२१ साली एक हस्तलिखित सापडले. भाषा रोमानियन, लिपी सिरिलिक. त्यातील तारखेचे वाचन १३९१-९२ असे केले गेले आणि रोमानियन भाषेतील सर्वांत जुना लेख सापडला म्हणून आनंदीआनंद झाला. भाषांच्या उगमावर बोलताना आम्हीही हा दाखला अनेकदा दिला होता. निघण्यापूर्वी चार पाने वाचली तेव्हा कळले की आमचे टिपण फार शिळे आहे. पुढच्या अभ्यासकांनी हस्तलिखित सतराव्या शतकात आणून ठेवले. निःसंशय तारीख ठरवता येईल असा सर्वांत जुना रोमानियन लेख म्हणजे १५२१ सालचे नेआक्शू याचे पत्र. चर्चच्या ओंडक्यांतील वर्षवलये मोजली गेली, तेव्हा तेही सतराव्या शतकाच्या आरंभीचे निघाले. एका दुपारी आमचे दोन्ही ‘सर्वांत जुने’ गेले. तिकीट मात्र काढलेले होते.

टेकडी चढून गेलो. भोवती थडगी, वाढलेले गवत, आणि मध्ये दुपाखी छप्पर अंगावर ओढून बसलेली ती काळसर वास्तू. ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. वर लाकडी फळ्यांच्या खवल्यांचे छप्पर आणि त्यातून निघालेला उंच निमुळता मनोरा. मारामुरेशमधील आठ लाकडी चर्च १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांतले हे एक. पण आकार आपल्याकडच्या एखाद्या ग्रामदेवतेच्या देवळाहून फार मोठा नाही. किल्ली सांभाळणाऱ्या आजीबाईंना आमच्या गाडीचालकाने बोलावून आणले. तोच आमचा दुभाषा.

दार ठेंगणे, वाकूनच आत जावे लागते. पहिले दालन स्त्रियांचे, पुढचे पुरुषांचे, त्यापलीकडे गर्भगृह. डोळे अंधाराला सरावल्यावर भिंती हळूहळू बोलू लागल्या. आलेक्सांद्रू पोनेहाल्स्की या चित्रकाराने १७८२ साली रंगवलेल्या या भिंतींवर अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे तिघे बसले आहेत. त्यांच्या ओटीत पुण्यवंतांचे चिमुकले आत्मे, आजोबांच्या मांडीवर नातवंडे असावीत तसे.

“केव्हाचे आहे हे?” आम्ही विचारले. उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारण्याची मास्तरी खोड जात नाही.

“तेराशे चौसष्ट,” आजीबाई चटकन म्हणाल्या. आम्ही किंचित हसलो असू. त्यांनी ते पाहिले. मग गाडीचालकाशी काही बोलल्या. तो म्हणाला, “त्या विचारतात, तुमच्या गावात देऊळ आहे का? ते केव्हाचे?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या देवळाच्या पायरीवर आमचे बालपण गेले, जिथे आमच्या आईने दर मंगळवारी दिवा लावला, त्याला सनच नाही. ‘फार जुने’ एवढेच सर्व सांगत आले, आणि आम्हीही ते कधी विचारले नव्हते. आजीबाईंनी मान डोलावली, जणू हेच उत्तर बरोबर होते. मग पहिल्या दालनातील एका जागेवर हात ठेवून म्हणाल्या, “माझी आई इथे उभी राहायची.”

परतीच्या वाटेवर ते हस्तलिखित आठवत राहिले. त्यात ‘रविवारची कथा’ आहे: आकाशातून पडलेले पत्र, रविवार पाळा असे बजावणारे. अशा पत्रांतून नक्कल करून पुढे द्या असाही आदेश असतो. आपल्याकडे संतोषीमातेची पोस्टकार्डे फिरत, त्याच जातीचे हे साहित्य. ज्या काळी तिकडच्या उपासनेवर चर्च-स्लाव्होनिकचा पगडा होता, त्या काळी कुणीतरी बसून ते लोकांच्या बोलीत उतरवून घेतले, ऐकणाऱ्यांना कळावे म्हणून. हा माणूस चौदाव्या शतकातून सतराव्यात आला, म्हणून त्याच्या कष्टाचे मोल तीनशे वर्षांनी घटले काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. प्राचीनतेचे पुरावे शोधावेत, तपासावेत, आणि चुकीचे ठरले तर निमूटपणे खोडावेत. अभ्यासाचा धर्म तोच. १३६४ आम्ही आमच्या टिपणातून खोडले आहे. मात्र त्याच्या शेजारी कोणता आकडा लिहावा, याआधी आता वर्गाला एक प्रश्न विचारतो: हे कुणी, कुणासाठी लिहिले? आणि तिथे कोण उभे राहत असे?