एकेका सुराचे धनी

माझ्या आवडीला धरबंध नाही, असं घरचे म्हणतात. सकाळी खंजिरी भजन, दुपारी कव्वाली, रात्री मल्लिकार्जुन मन्सूर आणि मधेच एखादं चावट सिनेमागीत. बाहेरचे याला रसिकता समजतात. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. ज्यांनी मला कान दिले ती माणसं एकेकाच संगीतावर जीव टाकणारी होती. दुसऱ्याच्या संगीताला गाणं म्हणायचीसुद्धा त्यांची तयारी नसे. त्या सगळ्यांच्या हट्टांची बेरीज माझ्या वाट्याला आली, इतकंच.

पहिले आमचे आबाजी. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर, आणि घरात देव म्हणजे तुकडोजी महाराज. महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारला. आबाजींनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं, म्हणून बाकीच्या जगानं गाणं बंद केलं असतं तरी त्यांची तक्रार नव्हती. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडे. मग चुलीशी बसून ते शेकायचं, बोटानं टिचकी मारून पाहायचं, पुन्हा शेकायचं. "ताल बोटात नसते पोट्ट्या, मनगटात असते," हे त्यांचं एकमेव शास्त्र. ११ ऑक्टोबर १९६८ला महाराज गेले. पुण्यतिथीच्या सोहळ्यात मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट गर्दी एकदम मुकी होते. आबाजींच्या शेजारी मी ते मौन पाळलेलं आहे. सम कुठे आहे हे मला तबल्याआधी तिथं कळलं.

आबाजींच्या दृष्टीनं वाया गेलेला माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे चाचा. तेव्हा रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन नवा करावा लागे, आणि ते पुस्तक दाखवल्याशिवाय चाचा रेडिओला हात लावत नसत. बुधवारी रात्री आठला मात्र त्यांच्या दुकानात सगळं माफ. रेडिओ सिलोनचा आवाज लाटेसारखा यायचा, ओसरायचा, अन् नेमका मुखड्यावर गायब व्हायचा. पण चाचांचा खरा जीव कव्वालीत. कव्वाल एकाच ओळीवर ठाण मांडून बसतो, मधेच दुसरीकडचा शेर आणून तिला जोडतो, त्या जोडणीला गिरह म्हणतात, हे मला त्यांनी सोल्डरिंग करता करता सांगितलं. "गाना आगे नहीं जाता रे बावा, अंदर जाता," म्हणायचे. यापेक्षा चांगली समीक्षा मी पुढे फारशी वाचली नाही.

वर्गातल्या एका मित्राचे वडील जिनिंगमध्ये होते. रुईच्या धुळीनं आवाज कायमचा बसलेला. १४ एप्रिलच्या रात्री तोच आवाज वामनदादा कर्डकांची गाणी म्हणू लागला की बायका स्वयंपाक टाकून दारात येत. साथीला बेंजो आणि ढोलकी. ठेका ऐकला तर थेट चाचांच्या कव्वालीचा! मी ते उत्साहानं सांगितलं, तर म्हणाले, "हे गानं नाही बावा, हे हिसाब हाय." त्यांना प्रल्हाद शिंदे चालत, पण भीमगीतांपुरते. त्याच शिंद्यांच्या विठ्ठलगीतांवर आमची आबाजींकडची मंडळी डोलायची. हे दोन्हीकडे सांगायची सोय नव्हती.

आई भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची. उरलेले अकरा महिने ती गुणगुणतही नसे.

शिकायला अमरावतीला गेलो. घरमालकीणबाई शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लावत. तोंड उघडायचं नाही या अटीवर मला ओसरीत जागा मिळे. पहिले कित्येक शनिवार मी केवळ त्यांच्या धाकानं बसलो. ख्याल आवडू लागला तो असा.

आणि खोलीतला सोबती गझलवाला. सुरेश भट अमरावतीचे, १९३२चा जन्म, म्हणजे याच्या लेखी अमरावतीचा इतिहास १९३२ला सुरू होतो. लहानपणी पोलिओनं पाय गेला आणि घरात पेटी आली, हे तो असं सांगायचा की जणू शेजारीच राहत होता. 'रंग माझा वेगळा'ची प्रत उशाशी. १९८३ला 'एल्गार' आला तेव्हा त्यानं मेसचे पैसे त्यात घातले आणि पुढे माझ्या डब्यात जेवला. भट आपल्या गझला स्वतः तरन्नुममध्ये म्हणत. हाही म्हणायचा, फार वाईट. पण मतल्याची पहिली ओळ म्हणून थांबायचा, दुसरी ओळ समोरच्याच्या तोंडात येईपर्यंत. शब्दाची वाट पाहायला त्यानं शिकवलं. भटांनी भीमवंदनाही लिहिली, आमच्या जिनिंगवाल्या काकांची गाणी आणि तुझी गझल इतकी दूर नाही, असं मी एकदा म्हणालो. दोन दिवस बोलला नाही.

आबाजी, चाचा, काका, बाई, आई, कोणीच राहिलं नाही आता. फेड करायला हा एकटा उरलाय, आणि तो काही घेत नाही. कुमार गंधर्व पाठवले, ऐकले नाहीत. गेल्या होळीला मेळघाटात गेलो होतो. रात्रभर कोरकूंचा ढोल आणि बासरी, बाया हातात हात गुंफून नाचतायत. रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "आवाज चांगला आला हाय. मतला कुठी हाय?"