आधी विचारणारे ॲप

रजब महिन्यात आमच्या घरी तपासणीचा एक कागद आला आणि आमचे ताट बदलले. आम्हा नवरा-बायकोपैकी एकाचे एचबीएवनसी ७.१ निघाले. कोणाचे, याला फारसे महत्त्व नाही. ताट तर दोघांचे एकच. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो आणि ६.५ किंवा त्याहून वर गेला की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली, सहा किलो वजन उतरवायला सांगितले आणि म्हणाले, "काय खाता, किती खाता, ते महिनाभर लिहून आणा."

आम्ही वही आणली. ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी अकरावीतली आमची मुलगी म्हणाली, "वही कशाला? ताटाचा फोटो काढायचा, बाकीचे एआय करतं." आणि तिने आमच्या मोबाइलवर एकदम तीन ॲप घेतली.

पहिल्या ॲपने वय, वजन, उंची विचारली आणि दोन मिनिटांत महिनाभराचा आहार दिला. ओट्स, किन्वा, ॲव्होकॅडो! आम्ही चिपळूणची माणसे. आमच्या घरी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण. त्याचा फोटो काढला तर ॲपने भाकरीला मेक्सिकन टॉर्टिया ठरवले आणि कालवणाला टोमॅटो सूप. मुलगी हसून लोळली. आम्हीही हसलो. पण सूप समजून त्याने कॅलरी मोजल्या होत्या आणि तो आकडा खरा मानला असता तर हसू महागात पडले असते.

दुसरे ॲप आपल्याकडचे होते. त्याला पोहे, उसळ, खिमा, बिर्याणी सगळे ओळखू येत होते. तरीही एक गोष्ट कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, ती म्हणजे फोडणीतले तेल. एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. कढईत तीन चमचे पडले की सहा, हे फोटो सांगणार नाही. ते स्वयंपाक करणाऱ्या हातालाच ठाऊक. त्या दिवसापासून आमच्या तेलाच्या बरणीत मोजायचा चमचा आला. ॲपचा आम्हाला झालेला पहिला खरा फायदा हाच.

मात्र या दुसऱ्या ॲपला आमच्या फोनमधले सगळे नंबरही हवे होते आणि आम्ही कुठे जातो-येतो तेही. भाकरी मोजायला मामा-चाचांचे नंबर कशाला? शिवाय चौथ्या दिवसापासून ते रोज प्रोटीनचा डबा विकत घ्यायला सांगू लागले. माणसाच्या आजाराची माहिती ही अमानत असते. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही संमतीला मोठे स्थान आहे. पण 'सहमत' हे बटण न वाचता दाबणारे बोट आपलेच असते. आम्ही ते ॲप काढून टाकले. काढण्याआधी त्यातले खातेही पुसले, कारण नुसते ॲप काढल्याने दिलेली माहिती परत येत नाही.

ही सगळी गंमत अम्मी खाटेवरून पाहत होत्या. त्यांचे वय ६९, मधुमेह सतरा वर्षांचा, आणि रोज ग्लिमेपिराइडची गोळी. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या यंत्राला माझ्या रोजांचं विचारा बघू."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. गेल्या रमजानमध्ये एकोणिसाव्या रोजाला, असरनंतर, अम्मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या होत्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. मशीनवर साखर ५८. त्या सारखे म्हणत होत्या, "थोडाच वेळ राहिलाय, राहू दे." आम्ही साखरपाणी पाजले. रोजा तुटला म्हणून त्या रडल्या आणि त्या वाचल्या म्हणून आम्ही रडलो.

मुलीने अम्मींचे नाव न घालता, फक्त वय, आजार आणि गोळी लिहून तोच प्रश्न उरलेल्या दोन ॲपना विचारला. पहिल्याने उपवासाचे फायदे सांगितले, तेरा-चौदा तास पोट रिकामे राहिले की चरबी कशी जळते ते सांगितले आणि इफ्तारसाठी सॅलड सुचवले. गोळीबद्दल अवाक्षर नाही. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइड पोट रिकामे असले तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. अम्मींचा धोका नेमका तिथे होता आणि ॲप शाबासकी देत होते.

तिसऱ्या ॲपने सल्ला दिलाच नाही. त्याने उलट विचारले, "गेल्या रमजानमध्ये साखर ७० च्या खाली कधी गेली होती का? किती वेळा?"

मुलगी 'एकदा' असे टाइप करणार, इतक्यात अम्मी हळूच म्हणाल्या, "चार वेळा."

घरात कोणी बोलेना. आम्हाला एकच माहीत होती. बाकी तीन वेळा त्यांनी दार लोटून, भिंतीला टेकून मगरिबची वाट पाहिली होती. रोजा मोडायला लावतील म्हणून आम्हाला सांगितले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी विचारले नव्हते. औषध आणून दिले, मशीन आणून दिले. प्रश्न मात्र एका यंत्राने विचारला.

मग त्याने लिहिले की रमजानआधी डॉक्टरांना भेटा, गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका, आणि साखर ७० च्या खाली गेली तर वेळ न पाहता रोजा सोडा. आम्ही दुसऱ्याच दिवशी अम्मींना दवाखान्यात नेले. चार वेळा हे ऐकून डॉक्टरांनी यंदाचे रोजे नको म्हणून स्पष्ट सांगितले. अम्मी मान खाली घालून बसल्या. घरी आल्यावर मौलानांना विचारले. कुरआनने सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिली आहे, ती घेणे हा कमीपणा नाही, आणि पुन्हा ठेवण्याची उमेद नसेल तर फिदिया आहे, हे त्यांनी अम्मींना शांतपणे समजावले. ते काम कोणत्याही ॲपचे नव्हते.

आम्ही तिसरे ॲप ठेवले. तेही चुकते, परवाच त्याने सांदणाला इडली म्हटले. पण ते आधी विचारते, मग सांगते, आणि जिथे त्याचे काम संपते तिथे डॉक्टरांकडे पाठवते. आपणही ॲप घ्याल तेव्हा त्याला आपल्या घरातला सर्वांत अवघड प्रश्न आधी घालून पाहा. औषध न विचारता उत्तर देणारे ॲप, कितीही गोड बोलले तरी, आपल्या कामाचे नाही.

दोन महिन्यांत आमचे वजन तीन किलो उतरले आहे, अलहम्दुलिल्लाह. फजरनंतर आम्ही दोघे चालायला जातो. रमजान आता तोंडावर आला आहे. अम्मींनी फिदियाचे पैसे रुमालात बांधून ठेवले आहेत आणि यंदा सगळ्यांना सेहरीला त्याच उठवणार आहेत. रोज असरनंतर त्यांच्याजवळ जाऊन बसायचे आणि "अम्मी, बरं वाटतंय ना?" असे विचारायचे, एवढे मात्र आम्ही स्वतःकडे ठेवले आहे.

अल्लाह सर्व घरांतल्या वडीलधाऱ्यांना सेहत देवो. आमीन.