रंग, ऋतू आणि नानखटाई

कामरगावसारख्या गावात पेंटरचे पोट ऋतूंवर चालते. शेतकऱ्यासारखेच, फक्त उलटे. त्याला पाऊस हवा असतो, आम्हाला नको. कापूस-तूर विकून लोकांच्या हाती पैसा आला की दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बंड्या रंगायला निघतात. त्यामागून लग्नसराई. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चित्रे काढून घ्यायची आमच्या वऱ्हाडात पद्धत. दाराच्या दोन्ही बाजूंना कळस, केळीचे खांब, मोर, वर गणपती, खाली नवरा-नवरीची नावे. शाळांना सुट्या लागल्या की वर्गांच्या भिंतींवर मुळाक्षरे, पाढे आणि महाराष्ट्राचा नकाशा. मग मृग लागतो आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात पडून राहतात. ओल्या हवेत ऑइलपेंट सुकत नाही, ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतो. पोळ्याला बैलांची शिंगे, पोरांचे लाकडी बैल, पुढे मंडपांचे पडदे. तेवढ्यावर दिवाळी गाठायची.

1998 च्या पावसाळ्यात मात्र बेमोसमी काम मिळाले. 1 जुलैला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि आमचा कारंजा तालुका नव्या जिल्ह्यात गेला. ज्या त्या पाटीवर ‘ता. कारंजा, जि. अकोला’ असे लिहिलेले. शेवटचा शब्द पुसून नवा लिहायचा. दोन्ही तीन अक्षरी, त्यामुळे जागेची अडचण आली नाही. अडचण आली ऱ्हस्व-दीर्घाची. कुणी ‘वाशिम’ म्हणे, कुणी ‘वाशीम’. मी मालक सांगेल तसे लिहिले.

अम्मीचा ऋतू आमच्या या कॅलेंडरात बसत नसे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हे तुम्हा-आम्हा सर्वांना ठाऊक आहे. मला ते नानखटाईने शिकवले.

1985 साली रमजान ईद जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर आली. मी दहा वर्षांचा होतो. अम्मी जर्मनच्या मोठ्या गंजात बोटभर नदीची रेती पसरून तो चुलीवर ठेवी. रेती तापली की तीत लोखंडी कडे, कड्यावर ताटली, ताटलीत नानखटाई आणि वरच्या झाकणावर निखारे. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी डालडा, मूठभर बेसन, थोडा रवा, वेलदोडा, चिमूटभर सोडा. सामान सोपे होते; खरे काम हाताचे. डालडा परातीत तळहाताने फेसायचा, पांढराशुभ्र होईपर्यंत. त्याचा ठिपका पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. बुडाला की पुन्हा फेसा.

त्या वर्षी डालडा उकाड्याने वितळून तेल झाला होता. गोळे ताटलीत ठेवले की पसरून भाकरी होत. अम्मीने परातीखाली माठातल्या पाण्याचे घमेले ठेवले आणि पहाटे, सहेरीनंतर फेसायला बसली. लाकडे पहिल्या सरीत भिजलेली, निखारा धरेना. पुढे ईद एप्रिलमध्ये आली, मग मार्चात, मग थंडीत. 2000 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान ईद आल्या, एक जानेवारीत, एक डिसेंबरात. ‘साल एक, खर्चा दो,’ अब्बा म्हणाले. दोन्ही वेळा डालडा दगडासारखा. आता परात चुलीजवळ सरकवावी लागे. दरवर्षी पीठ तेच, हात तोच, पण ऋतू बदलला की अम्मी सगळे नव्याने मांडी.

रेती तापली की नाही हे बघायला ती कागदाचा कपटा आत टाकी आणि त्याचा रंग बघे. ‘बदामी हुआ तो ठीक, कत्थई हुआ तो गया.’ रंगछटा हा शब्द मला ठाऊक नव्हता तेव्हाचे हे शिक्षण. पुढे डब्यातला पिवळा आणि तपकिरी मिसळून लाकडाचा रंग करताना कपटा डोळ्यांसमोर येई.

मोठा घाणा असला की मोहल्ल्यातल्या बायका कच्च्या नानखटाईचे पत्रे बेकरीच्या भट्टीवर पाठवीत. सगळे पत्रे सारखे, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी बाटलीचे झाकण दाबी, कुणी कंगव्याचे दाते, कुणी अंगुस्ताना. अम्मी गोधडीच्या दाभणाने पान काढी. एक वळणदार देठ, दोन्ही बाजूंना शिरा, हात न उचलता. शंभर नानखटाया असतील तर शंभर पाने, आणि एकही दुसऱ्यासारखे नाही. मला अक्षर वळवायला गावातल्या वयस्कर पेंटरने शिकवले, ते मी सगळ्यांना सांगतो. रेघ कुठे सैल सोडायची हे त्याआधीच शिकून झाले होते, ते कुणी विचारत नाही. पाटीखाली पेंटरचे नाव तरी असते.

अब्बा शिलाईचे काम करीत. त्यांना माझे पाट्या लिहिणे चालत असे, चित्रे नाही. जानदाराची तसवीर काढणे त्यांच्या मनाला पटत नव्हते आणि त्यांच्या बाजूने हदीस होती, हे मी नाकारत नाही. माझ्या बाजूने जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर होता, ज्याने पक्षी आणि जनावरे काढण्यात आयुष्य घालवले. पण बापासमोर मन्सूरचे नाव कोण घेणार? 1994 मध्ये ईद मार्चात होती, लग्नसराई सुरू झालेली. मोर-गणपतीच्या पैशांतून मी साखर आणली. अब्बा म्हणाले, ‘इस पैसे की शक्कर ईद में नहीं.’ घरात दोन दिवस कुणी धड बोलले नाही. अम्मीने त्याच साखरेची नानखटाई केली, लपवून नव्हे, त्यांच्या देखत. बशी पुढे ठेवून पानाकडे बोट दाखवले. ‘इसमें तो जान नहीं ना?’

अब्बांनी बराच वेळ पानाकडे पाहिले. ‘जान है, रूह नहीं,’ म्हणाले आणि खाल्ली. मोरांविषयी त्यांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. मीही मोर सोडले नाहीत.

आपल्यातून मोठे झालेले चित्रकार मी या नजरेने वाचतो. सय्यद हैदर रझा मंडल्याच्या जंगलमुलखातले. 1939 ते 1943 नागपूरला शिकले, मग मुंबई, मग फ्रान्स. निसर्गचित्रांकडून बिंदूकडे गेले आणि 2016 साली वडिलांच्या कबरीशेजारी मंडल्यात दफन झाले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवीत, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांची आई ते अगदी लहान असताना गेली. तिचा फोटो नव्हता, चेहरा आठवत नव्हता. त्यांच्या चित्रांतल्या अनेक बायांना चेहराच नाही, त्याचे मूळ तिथे सांगतात.

माझे उलट आहे. मला चेहरा पाठ आहे. कपाळावर उडालेले पीठ, निखाऱ्याच्या उजेडात बारीक केलेले डोळे, सगळे. पण अम्मीने सांगून ठेवले होते, ‘मेरी तसवीर मत निकालना.’ मतदार ओळखपत्रावरचा एक काळपट फोटो आहे, तो तिच्यासारखा दिसत नाही. लोक म्हणतात, तू पेंटर, आईचे चित्र नाही काढलेस? आर्ट म्हणून काढावे असे मलाही वाटते. चारकोल हातात घेतो आणि ठेवतो. मोराबाबत मी अब्बांचे ऐकले नाही, कारण ती रोजी होती. हा तिचा चेहरा आहे. त्याच्यावर हक्क तिचा.

2018 ची ईद 16 जूनला आली. मृग लागलेला, लाकडे दमट, डालडा पातळ. तेहतीस वर्षांपूर्वीचा ऋतू पुन्हा चुलीशी येऊन बसला होता. अम्मी खुर्चीवर बसून माझ्या मुलीला सांगत होती, परातीखाली पाणी ठेव. तिचे हात थरथरत होते, तरी पाने तिनेच काढली. त्या हिवाळ्यात ती गेली.

दरम्यान फ्लेक्स आला. रात्री मजकूर द्या, सकाळी बोर्ड तयार, पावसातही. लग्नाच्या भिंती कमी झाल्या. शाळांच्या बोलक्या भिंती अजून हाताने रंगवाव्या लागतात, मी त्यावर आहे. मुलगी विजेच्या ओव्हनमध्ये भाजते. त्यावर आकडे असतात, कागदाचा कपटा लागत नाही. तरी ती काचेतून रंग बघत उभी राहते. 2025 ची ईद मार्चअखेरीस होती, आता ती पुन्हा थंडीकडे निघाली आहे. पोरीने दाभण शोधून काढले. ती डावखुरी आहे. तिच्या पानाचा देठ दुसऱ्या बाजूला वळतो.