सॉरीऐवजी फ्रूट सॅलड

आमच्या घरात 'सॉरी' म्हणायची पद्धत नाही. म्हणजे ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा म्हणतो, मेलची सुरुवातच तिथून होते. पण आईला सॉरी? छे! जीभच वळत नाही.

झालं असं, की आई साताऱ्याहून आठ-दहा दिवस माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला आली होती. मंगळवारी रात्री माझा क्लायंट कॉल चालू असताना ती तिसऱ्यांदा दारात आली. 'पोळी गरम आहे तोवर खाऊन घे रे.' मी माइक म्यूट केला आणि ओरडलो, 'कळत नाही का तुला? मला काय रिकामटेकडा समजतेस?' कॉल संपवून बाहेर आलो, तर ताट झाकून ठेवलेलं आणि आई झोपलेली. म्हणजे झोपल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फारच नीट बोलायला लागली. 'चहा ठेवू का?' 'लाइट बंद केला तर चालेल ना?' आई परवानगी मागायला लागली, की समजायचं मामला सीरियस आहे. शुक्रवारी तिने रविवारच्या एसटीचं रिझर्व्हेशनही करून टाकलं.

शनिवारी मी फळं घेऊन आलो. आमच्याकडे वाढदिवस असो की पाहुणे, पुरी आणि फ्रूट सॅलड ठरलेलं. तेवढं तरी आपल्याला जमेल, असं वाटलं. शिवाय कस्टर्ड पावडरचा इतिहास माझ्या बाजूचा आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडी सोसायची नाहीत, म्हणून त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरचं, बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून काढलं. म्हणजे घरच्या बाईची मर्जी सांभाळायचा या पावडरीला जुना अनुभव!

एक लिटर दूध उकळलं, अर्धी वाटी साखर घातली आणि तीन मोठे चमचे पावडर थेट पातेल्यात टाकली. दोन मिनिटांत पिवळ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. काही न बोलता तिने गाळणी काढून माझ्या हातात दिली. 'पावडर आधी गार दुधात कालवायची असते,' एवढंच म्हणाली, तेही गॅसकडे बघून.

मग मी तसाच गरम कस्टर्डमध्ये सफरचंद लोटायला निघालो.

'थांब! गार होऊ दे. फळं शिजतील, पाणी सुटेल. आणि हा अननस कुणी आणायला सांगितला तुला?'

बुधवारपासूनचं हे तिचं पहिलं खरं वाक्य. कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडवट होतं. अननस शिजवून घेतला तर चालतो. आईला एन्झाइम वगैरे ठाऊक नाही, पण आत्याच्या डोहाळजेवणाला अख्खं पातेलं कसं कडू झालं होतं, ते तिने साग्रसंगीत सांगितलं. मी मध्येच बोलून विषय तुटू दिला नाही. अननस आम्ही तसाच, मीठ-तिखट लावून खाल्ला.

कस्टर्ड फ्रिजमध्ये गेलं. सफरचंद, द्राक्षं, चिकू, डाळिंबाचे दाणे आधी. केळी अगदी शेवटी, नाहीतर काळी पडतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वरून, वाढताना.

वाढायला ती उठली, तेव्हा मी तिला बसवलं. पहिली वाटी तिला. आमच्याकडे आईची वाटी नेहमी शेवटी, पातेलं खरवडून भरलेली असायची. तिने खायला सुरुवात केली आणि बघतो तर केळ्याच्या चकत्या एकेक करून बाजूला.

'काय गं, कच्चं आहे का?'

'नाही रे. मला केळं कधी आवडलंच नाही.'

'मग इतकी वर्षं चार-चार केळी कापत होतीस ती?'

'पातेलं भरायला नको? एका सफरचंदात पाच माणसं भागतात होय?'

मी तिच्या चकत्या माझ्या वाटीत घेतल्या. म्हटलं, आता बोलून टाकू. 'आई, मंगळवारी मी जरा...'

'पुरी घे अजून,' ती म्हणाली. 'चिवट आहेत पण. विकतच्या अशाच असतात.'

रविवारी ती ठरल्याप्रमाणे गेलीच. रिझर्व्हेशनचे पैसे कोण सोडणार! स्वारगेटला खिडकीतून म्हणाली, 'दिवाळीआधी एकदा येऊन जाईन.' संध्याकाळी घरी पोचल्याचा फोन आला.

'पातेलं भिजत घातलंस का? कस्टर्ड वाळलं की निघत नाही.'

घातलं नव्हतं.