फक्त सहा वॅट जास्त!

मुलांनो, घरात एकाच बोर्डावर इस्त्री, गिझर आणि मिक्सर एकदम लावले तर काय होतं? बरोबर! खटका पडतो, घर अंधारात जातं आणि मागोमाग आईचा आवाज येतो.

संगणकाच्या पोटातही असाच एक बोर्ड असतो, बरं का. पत्र्याचा चौकोनी डबा, मागे जाळी, आत पंखा. दुकानदार त्याला 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि संगणकाच्या नाजूक भागांना सोसेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून वाटायची, हे त्याचं काम. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. सगळे विचारतात, "कार्ड कुठलं आहे?" आमच्या शाळेत मात्र या डब्यामुळे चांगलं आठवडाभर भांडण चाललं होतं. तेच तुम्हाला सांगते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. शहरातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीने आपलं जुनं वर्कस्टेशन शाळेला दिलं. वर्कस्टेशन म्हणजे इमारतींचे आराखडे काढण्यासारख्या अवजड कामासाठी बनवलेला दणकट संगणक. हा साधारण २०१३ सालचा. त्यात क्वाड्रो के ६०० नावाचं ग्राफिक्स कार्ड होतं, स्मृती १ जीबी.

आता गावची गोष्ट. रस्ता रुंद झाला त्यात वेशीजवळचा वड गेला. सातवीच्या मुलांनी ठरवलं की तो वड संगणकात परत उभा करायचा. लोकांच्या लग्नाच्या अल्बममधून पारावरचे फोटो जमवले. 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घेतलं. (२००२ साली जगभरातल्या लोकांनी मिळून एक लाख युरो वर्गणी जमवली, म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मला ही गोष्ट फार आवडते.) पण ब्लेंडरच्या ४.० नंतरच्या आवृत्त्यांना कार्डावर निदान २ जीबी स्मृती हवी असते. आमच्याकडे निम्मीच! खोड जमलं, फांद्या जमल्या, आणि पानं लावायला घेतली की यंत्र मुकाट बसायचं.

मग चित्रं काढायचं काम प्रोसेसरवर सोपवलं. एका चित्राला तीन मिनिटं. दहा सेकंदांच्या चित्रपटाला, सेकंदाला २४ या हिशेबाने २४० चित्रं. करा गुणाकार! ७२० मिनिटं, म्हणजे बारा तास. शाळा साडेदहा ते पाच, आणि संध्याकाळी गावची वीज कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय ही मुलं एप्रिलअखेर शाळा सोडून हायस्कूलला जाणार होती.

इथे माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. मी नोकरीला लागले तेव्हा तो माझ्या चौथीच्या वर्गात होता, आता पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "बाई, माझं जीटीएक्स १०६० पडून आहे. शाळेला देऊन टाकतो. स्मृती ६ जीबी!" मुलांनी उड्याच मारल्या.

मी म्हटलं, आधी हिशेब करू. आमच्या एसएमपीएसवर लिहिलं होतं २८० वॅट. प्रोसेसरचे ८४, त्या कार्डाचे १२०, बाकी मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून अंदाजे ५०. वर्गातल्या एका मुलाने फळ्यावर बेरीज केली, २५४. "बाई, बसतंय की! सव्वीस वॅट उरतात!"

बेरीज अगदी बरोबर होती. पण डब्यावरचं लेबल मोठ्या अक्षरातला एकच आकडा वाचून सोडायचं नसतं. खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो. आमच्या लेबलवर १२ व्होल्टच्या दोन ओळी होत्या, प्रत्येकी १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १४ म्हणजे १६८, आणि दोन ओळींचे ३३६. अरेच्चा! अख्खा डबा २८० चा आणि त्यातला एक भाग ३३६ चा? मुलं चक्रावली. मग एका मुलीला त्याच्याखालची आणखी बारीक ओळ दिसली. दोन्ही मिळून २१६ वॅटपेक्षा जास्त नाही! म्हणजे दोन्ही नळ पूर्ण सोडता येतात, पण एका वेळी नाही, कारण वरची टाकी एकच.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही पितात ते याच १२ व्होल्टच्या टाकीतून. ८४ आणि १२० झाले २०४. पंखे आणि डिस्कची मोटर यांचे वीसेक धरा. २२४. आठ वॅटने हुकलं! शिवाय कार्ड क्षणभर आपल्या आकड्यापेक्षा जास्तही ओढतं, ते वेगळंच.

शिक्षकखोलीत कुणीतरी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ऐकवली. म्हण चांगली आहे, पण इथे ती अपुरी पडते. आमचं अंथरूण मोठंच होतं, फक्त पायाकडच्या बाजूला अरुंद होतं.

आणि दुसरी अडचण तर डोळ्यांना दिसणारी होती. कार्ड ज्या खाचेत बसतं, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. (काही यंत्रांत त्याहून कमी, म्हणून यंत्राची पुस्तिका पाहावी.) ज्या कार्डाला त्याहून जास्त लागते त्याला डब्यातून वेगळी वायर जोडतात. १०६० ला सहा पिनांची वायर लागते. आमच्या डब्यातून तशी वायर आलेलीच नव्हती. यंत्र बनवणाऱ्यानेच ती दिली नाही, यातून काय ते समजायचं.

तालुक्याचे दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "मॅडम, काही होत नाही. डिस्कच्या वायरला जोडणी लावून देतो, शंभर-दीडशे रुपयांचं काम." पाहा हं, डिस्कची साटा वायर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर सोसते. म्हणजे ५४ वॅट. सहा पिनांच्या वायरीतून ७५ वॅट घ्यायची कार्डाला मुभा असते. ५४ च्या वायरीतून ७५ गेले तर प्लग तापतो, प्लास्टिक वितळतं. आमच्या संगणकाच्या खोलीत चाळीस मुलं बसतात आणि दार एकच आहे. मी नाही म्हटलं.

मग मोठा एसएमपीएस आणावा? तेही पाहिलं. आमच्या यंत्राचा डबा वेगळ्याच मापाचा आणि त्याचे प्लगही वेगळे. बाजारातला सरळ बसत नाही.

मुलं रुसली. साहजिकच आहे! कारण आता कार्ड विकत घ्यायचं तर पैसे होते ते फक्त स्नेहसंमेलनातल्या भेळेच्या स्टॉलचे. "फुकटचं नको आणि भेळेचे पैसे घालवायचे?" असं मला तोंडावर विचारलं गेलं. मी म्हटलं, मग तुम्हीच शोधा. अट एवढीच, ७५ वॅटच्या आत आणि वेगळी वायर नको.

दोन दिवसांनी कागदावर चार नावं आली. त्यातून निवडलं क्वाड्रो पी १०००, वापरलेलं, साडेपाच हजारांना. स्मृती ४ जीबी. आणि वीज किती? ४७ वॅट! जुनं कार्ड ४१ घ्यायचं. फक्त सहा वॅट जास्त आणि स्मृती चौपट! जुन्या कार्डात हिशेब करणारे छोटे घटक १९२, नव्यात ६४०.

हे कसं झालं? जुनं कार्ड २०१३ चं, त्याची चिप २८ नॅनोमीटर तंत्राची. दुसरं २०१७ चं, १४ नॅनोमीटर तंत्राचं. चिपमध्ये विजेची कोट्यवधी बटणं असतात. बटण जेवढं लहान, तेवढी ते उघडझाप करायला वीज कमी लागते. म्हणून तेवढ्याच विजेत जास्त बटणं चालतात. आज पी १००० सुद्धा जुनंच झालं आहे, पण आमच्या डब्याला साजेसं आहे.

बसवताना वायर भिंतीतून काढली, पाच मिनिटं थांबलो, हात यंत्राच्या पत्र्याला लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडायचा नाही, तुम्हीसुद्धा! वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. कार्ड खाचेत बसलं, 'टक्' असा आवाज आला, आणि मग कळलं की त्याला आहेत चार चिमुकल्या डिस्प्ले पोर्टच्या खाचा आणि आमच्या जुन्या मॉनिटरची वायर निळ्या प्लगची. पुन्हा तालुक्याला! जोडणी आणायला आणखी दोन दिवस गेले. पण दादांनी ती आठवणीने चांगल्यातली दिली.

आता एका चित्राला सव्वा मिनिट लागतं. २४० चित्रांना पाच तास. सकाळी अकराला सुरू केलं की चारला तयार. पहिले दहा सेकंद आम्ही पालकसभेत दाखवले. सगळे गप्प होते. मग मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, झाड झकास झालंय. पण पाराच्या पायऱ्या देवळाच्या अंगाला होत्या, रस्त्याच्या नव्हे."

मुलांनी अल्बम पुन्हा काढले. आजोबांचं बरोबर आहे. सध्या पायऱ्या हलवण्याचं काम चालू आहे, आणि ती २४० चित्रं सगळी नव्याने काढायची आहेत.